माणसे मोजावीत काय?

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली दरवर्षी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी घराबाहेर पडतात. वसईपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या वस्त्यांत ज्या कुटुंबातली एखादी लेक, सून वा भाची इस्पितळात रात्रपाळी करीत नाही, असे कुटुंब शोधावेच लागेल. या मुलींच्या अभ्यासक्रमात आता शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र यांच्या जोडीला सांख्यिकीही असते. आणि जे कोणी पुढे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करू इच्छितात, त्यांना तर जीवसांख्यिकीचे प्राथमिक धडे गिरवल्यावाचून गत्यंतर नसते. सुट्टीत घरी आल्यावर यांपैकी काहीजणी आम्हां धर्मगुरूंना विचारतात, की आम्ही निघालो आजाऱ्यांची शुश्रूषा करावयाला. मग या सरासऱ्या, हे दर आणि हे आलेख आमच्या गळ्यात कशासाठी? परीक्षेची धास्ती या प्रश्नामागे असेलही. परंतु प्रश्न तेवढ्यावरच संपत नाही. माणूस म्हणजे आकडा नव्हे, तो ईश्वराची प्रतिमा आहे, असे आपण वेदीवरून सांगत आलो. मग त्याच माणसाला एका कोष्टकातला आकडा करून टाकणे कितपत योग्य? माणसे मोजावीत काय?

या प्रश्नाला सरळ ‘होय’ म्हणून मोकळे होता येत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आक्षेपाचे वजन

जुन्या करारातील दावीद राजाने आपल्या राज्यातील लढवय्या पुरुषांची गणती केली आणि ती गणती त्याच्या मनाला लागून राहिली, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. नुसत्या मोजण्यात पाप ते कोणते, असा प्रश्न पडतो. परंतु राजा प्रजेला मोजतो, तेव्हा तो बहुधा आपली ताकद मोजत असतो. माणसे त्याच्यासाठी करदाते होतात, सैनिक होतात, आणि आपल्या काळात मतेही होतात. मोजणारा जर स्वतःसाठी मोजत असेल, तर मोजला जाणारा साधन होऊन बसतो.

विसाव्या शतकाने याहून भीषण गणती पाहिली. ऑश्विट्झच्या छळछावणीत कैद्याचे नाव काढून घेऊन त्याला क्रमांक दिला जाई. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा क्रमांक होता १६६७०. उपाशी ठेवून मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले, तेव्हा त्यांतील एका कुटुंबवत्सल माणसाच्या जागी त्यांनी स्वतःला पुढे केले आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचा अंत झाला. त्या छावणीच्या हिशेबी दहाचे दहाच राहिले. गणितात काही बदलले नाही. जे बदलले ते गणिताच्या कक्षेबाहेरचे होते. तेव्हा आकड्याने माणसाचे नाव पुसता येते, ही भीती काल्पनिक नाही. इतिहासात तसे घडले आहे.

एवढे मान्य करूनही आम्हांला असे वाटते, की आजाऱ्यांच्या सेवेसाठी केलेली गणती ही वेगळ्या जातीची आहे. ती कशी, हे समजण्यासाठी तिचा जन्म कोठे झाला ते पाहणे उपयोगी पडेल. आणि योगायोग असा, की तो धर्मग्रामाच्या नोंदवहीत झाला.

नोंदवहीतून जन्मलेले शास्त्र

प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या असतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले; पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदीही त्यात आणल्या. या वह्यांकडे आपण वळतो ते बहुतेक दाखला हवा असतो तेव्हा. त्यांत नाव, आईबापांचे नाव, तारीख आणि धर्मगुरूची सही एवढेच असते. एकेक ओळ म्हणजे एकेक माणूस. आणि हजारो ओळी एकत्र वाचल्या तर काय दिसेल, हा प्रश्न शतकानुशतके कोणाच्या मनात आला नाही.

तो आला लंडनमधील जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका व्यापाऱ्याच्या. हा गृहस्थ विद्यापीठात शिकलेला नव्हता. सुया, गुंड्या, फिती असा किरकोळ माल विकणाऱ्यांच्या व्यवसायातला होता. इंग्लंडमध्येही प्रत्येक पॅरिशमध्ये स्नानसंस्कार आणि दफन यांची नोंद होई, आणि प्लेगच्या भीतीमुळे लंडनमधील पॅरिशचे कारकून दर आठवड्याला मृतांची यादी छापून प्रसिद्ध करीत. लोक ती विकत घेत, चाळीत आणि फेकून देत. ग्रॉन्ट यांनी अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या, त्यांच्या बेरजा मांडल्या आणि १६६२ साली आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर राहते, हे त्यांनी दाखवून दिले. यादीत मृताचे वय दिलेले नसे; तेव्हा मुख्यतः तान्ह्या मुलांना होणाऱ्या रोगांचे मृत्यू वेगळे काढून त्यांनी अंदाज बांधला, की शंभर जीवांपैकी सुमारे छत्तीस वयाची सहा वर्षे पुरी होण्याआधीच जातात. लंडनच्या प्रत्येक आईला हे दुःख आपापल्या घरापुरते ठाऊक होते. ते अख्ख्या शहराचे दुःख आहे, आणि एवढे मोठे आहे, हे मात्र बेरीज मांडल्यावरच कळले. या ग्रॉन्ट यांनी उत्तरायुष्यात कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि १६७४ मध्ये ते गरिबीत वारले.

त्यांच्या पुस्तकातील आणखी एक निरीक्षण आम्हांला विशेष मोलाचे वाटते. मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम काही वृद्ध स्त्रियांकडे असे. त्या घरी जाऊन प्रेत पाहत आणि कारकुनाला कारण सांगत. उपदंशासारख्या लाजिरवाण्या समजल्या जाणाऱ्या रोगाने कोणी गेला, की घरचे लोक या बायकांना पेलाभर मद्य पाजीत, नेहमीच्या दुप्पट पैसे हाती ठेवीत, आणि मग यादीत भलतेच कारण लागे. ग्रॉन्ट यांनी हे ओळखले आणि तसे लिहूनही ठेवले.

जीवसांख्यिकीचा पहिला धडा म्हणून कोणत्याही विद्यार्थिनीला आम्ही हाच सांगू. आकडा आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी कोणालातरी दिलेली साक्ष असतो, आणि खोट्या साक्षीविषयीची आज्ञा त्यालाही लागू आहे. आपल्या घरांतूनही असे घडतेच. क्षयाने कोणी गेले तर ‘ताप होता’ म्हणून सांगितले जाते. दारूने यकृत गेले तर ‘कावीळ’ म्हटले जाते. आत्महत्या अपघात होते. कुटुंबाची लाज आम्ही जाणतो. तिच्याकडे कठोरपणे पाहावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु शंभर घरांनी लाजेपोटी एकच गोष्ट झाकली, की त्या गावात दारूने किती माणसे नेली हे कोणालाच कळत नाही. आणि जे कळत नाही त्यावर उपायही होत नाही. जन्माला येऊन तासाभरात गेलेल्या बाळाची गोष्ट याहून करुण आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे त्याचा जन्मही नोंदवायचा असतो आणि मृत्यूही. पुष्कळदा दोन्ही राहून जातात. ते मूल या जगात येऊन गेले, याला कागदाचा एवढासाही पुरावा उरत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या महामारीत हा धडा अवघ्या देशाने घेतला. २०२१ अखेरपर्यंत कोविडने झालेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा होता सुमारे ४ लाख ८० हजार. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील ‘अधिक मृत्यूं’चा अंदाज प्रसिद्ध केला, तो होता सुमारे ४७ लाख. भारत सरकारने ती पद्धत मान्य केली नाही, आणि त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु अधिक मृत्यू मोजण्यामागची कल्पना ग्रॉन्ट यांच्याच घरची आहे: एरवीच्या वर्षांत या काळात जेवढी माणसे गेली असती, त्यांहून यंदा किती अधिक गेली, ते पाहावे. ज्याच्या मृत्यूवर कोणी ‘कोविड’ असे लिहिले नाही, तोही या वजाबाकीत सापडतो.

अंश दिसतो, छेद दिसत नाही

आता या शास्त्राच्या गाभ्याकडे वळू. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो: रेषेच्या वर अंश, खाली छेद. सार्वजनिक आरोग्याचे जवळजवळ सारे प्राथमिक गणित या एका रेषेभोवती फिरते.

समजा, एका तालुक्यात दोन गावे आहेत. पहिल्या गावात वर्षभरात १२ तान्ही मुले दगावली, दुसऱ्यात ४. औषधाची एकच पेटी पाठवायची असेल, तर आपले मन म्हणेल की ती पहिल्या गावी पाठवा. आता छेद पाहा. पहिल्या गावात त्या वर्षी ४०० मुले जन्मली होती. दुसऱ्यात, डोंगरावरच्या पाड्यात, अवघी ४०. पहिल्याचा दर हजारी ३०, तर दुसऱ्याचा हजारी १००. पाड्यावर जन्मणाऱ्या मुलाला धोका तिपटीहून अधिक आहे. पण तिथला आक्रोश लहान, म्हणून तो खाली पोचत नाही. अर्थात, चाळीसांत चार हा हिशेब छोटा आहे; पुढल्या वर्षी तिथे एकच मूल जाईल, कदाचित सहा जातील. छोट्या संख्या वाऱ्यावर हलतात, म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये, हेही हेच शास्त्र शिकवते. पण त्या पाड्याकडे पाहिले पाहिजे, हे मात्र छेद मांडल्यावाचून सुचले नसते.

दया ही स्वभावतः अंशाकडे धावते. दारात आलेला भिकारी, खाटेवरचा रुग्ण, वर्तमानपत्रातले छायाचित्र आपल्याला दिसते आणि हृदय हलते. हे चांगलेच आहे. ज्याचे हृदय हलत नाही त्याला सांख्यिकी शिकवून काही उपयोग नाही. परंतु जो दारात आला नाही, त्याचे काय? इस्पितळात बसलेल्या माणसाला इस्पितळापर्यंत पोचलेलेच रुग्ण दिसतात. जे वाटेत राहिले, ज्यांच्याजवळ गाडीभाडे नव्हते, ज्यांना आपला रोग रोग वाटलाच नाही, ते सारे छेदात असतात.

याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापून कामाला लागले. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचा विचार त्या काळी मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरता होई. डॉ. राणी बंग यांनी दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांवर समाधान न मानता दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार घेऊन आलेल्या आणि तक्रार नसलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया त्यांत होत्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०० पैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या. ज्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नव्हता, त्यांचे दुखणे असे जगापुढे आले. कोणी त्यांच्याविषयी कविता लिहिली म्हणून ते आले नाही. कोणीतरी त्यांना एकेक करून मोजले म्हणून आले.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मेंढपाळ एका मेंढरासाठी नव्याण्णवांना मागे ठेवून गेला, यावर आपला सारा भर असतो. तसा तो असावाच. परंतु एक मेंढरू हरवले आहे हे त्याला कळले कसे? संध्याकाळी त्याने शंभर मोजली होती म्हणून. ज्याने मोजलीच नाहीत, त्याच्या दृष्टीने कळप नेहमीच पुरा असतो. आपल्या देशात २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही, आणि पुढची कितीतरी वर्षे २०११ च्या जुन्या छेदावर सारे हिशेब मांडावे लागले. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर याची फारशी हळहळ दिसली नाही. पण पाड्यावरच्या त्या चाळीस मुलांच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नव्हे.

चिठ्ठीचा न्याय

मोजणे समजले, की विद्यार्थिनीपुढे याहून अवघड प्रश्न उभा राहतो. एखादे औषध गुणकारी आहे हे ठरवायचे, तर ते काहींना द्यावे लागते आणि काहींना न देता तुलना करावी लागते. हे कोणत्या नीतीत बसते?

प्रथम, तुलना का लागते ते पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. एका रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्या डोळ्याचे ते श्रेय होते. पुढे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. माणसाचे धैर्य याहून मोठे ते काय असणार! परंतु शास्त्र येथे एक शंका घेते. जे स्वतःहून पुढे आले, ते मुळातच अधिक धडधाकट, अधिक सावध असले तर? मग ते वाचले ते लशीमुळे की स्वभावामुळे? निवड माणसाच्या इच्छेवर सोडली, की तुलनेत खोट शिरते. आणि ती डॉक्टरच्या इच्छेवर सोडली तरी शिरते, कारण डॉक्टरही आशेने आंधळा होतो.

यावरचा उपाय साधा निघाला: चिठ्ठी टाकावी. यहुदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली, हे आपण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात वाचतो. आपल्या आवडीनिवडीने निर्णयात ढवळाढवळ करू नये, एवढाच त्यामागचा भाव. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाची परीक्षा अशाच रीतीने झाली. तिचे सांख्यिकी नियोजन ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना स्वतःलाच क्षय झाला होता. औषध इतके थोडे होते, की सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. कोणाला द्यायचे हे बंद लिफाफ्यातील चिठ्ठीवर ठरले. वशिला, पैसा वा डॉक्टरची माया यांना त्यात वाव राहिला नाही. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ जणांपैकी १४. पुढे या औषधाला जंतू दाद देईनासे होतात हेही त्याच परीक्षेतून लक्षात आले, आणि म्हणून एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची रीत पडली.

चौदा माणसे गेली, हे वाचताना मन थबकते, आणि ते थबकलेच पाहिजे. चिठ्ठीचा न्याय केव्हा न्याय ठरतो? जेव्हा गुण येतो की नाही हे खरोखरच ठाऊक नसते, किंवा जेव्हा सर्वांना पुरेल इतके औषधच नसते. आणि जेव्हा मिळालेले ज्ञान पुढे सर्वांच्या, विशेषतः ज्यांना चिठ्ठीने वगळले त्यांच्यासारख्यांच्या, उपयोगी पडते. ठाऊक असलेले औषध हातात असून ते तुलनेसाठी रोखून धरणे, ही हत्या आहे. या दोहोंमधली सीमा गणित आखून देत नाही. ती विवेकाने आखावी लागते, आणि त्यासाठी गणित समजणारा विवेक लागतो.

अशा तुलनेने गरिबांचे काय भले झाले, हे दोन दाखल्यांनी सांगून पुढे जाऊ. पहिला मद्रासचा. १९५६ साली तेथे स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने रुग्णांचे दोन गट केले: एकाला आरोग्यधामात ठेवून औषध दिले, दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना क्षय होण्याचा धोकाही अधिक वाढला नाही. क्षय झाला म्हणजे आईला मुलांपासून वर्षभर तोडून दूर ठेवलेच पाहिजे, हा समज या एका तुलनेने ढासळला.

दुसरा पुन्हा गडचिरोलीचा. बंग दांपत्याने ३९ गावांत साधारण शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाला ऊब देणे, अंगावर पाजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून वेळेवर औषध देणे ही कामे करू लागल्या. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी होती; तेथे सरकारी व इतर सेवा पूर्वीप्रमाणेच चालू होत्या. आरंभी नवजात मृत्युदर पहिल्या गटात हजारी ६२ आणि दुसऱ्यात ५८ होता. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या गटात तो ५९.६ च राहिला, आणि आरोग्यदूतांच्या गावांत मात्र २५.५ वर आला. तुलनेची गावे नसती, तर कोणीही म्हणू शकला असता की काळच बदलला, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून मुले वाचली. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरी येऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत देशभर सुरू झाली. आज आपल्या वाडीत आशाताई बाळाचे वजन करायला येते, तिच्या हातातल्या वजनकाट्यामागे त्या शहाऐंशी गावांचा हिशेब आहे.

एकाच्या बाबतीत

तरीही मुळातल्या आक्षेपाचा एक भाग शिल्लक राहतो. सरासरी अनेकांविषयी बोलते. खाटेवर मात्र एकच माणूस असतो. शंभरातील पंचाण्णव बरे होतात, हे वाक्य खरे असले, तरी आईच्या दृष्टीने तिचे मूल पंचाण्णव टक्के बरे होत नाही. ते बरे होते किंवा होत नाही. ज्या परिचारिकेला टक्केवारी येते पण केव्हा गप्प राहावे हे येत नाही, तिने अर्धाच अभ्यास केला म्हणावयाचा.

परंतु एकाच्या बाबतीतही हे शास्त्र अन्याय टाळू शकते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. थॉमस बेझ हे इंग्लंडमधील एक प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला; त्यातील विचार आज वैद्यकीय चाचण्यांना लावतात. समजा, दहा हजार लोकांत एखादा रोग फक्त दहा जणांना आहे. चाचणी अशी की ती रोगी एकही सोडत नाही, पण निरोगी माणसांपैकी शंभरात पाचांना चुकून रोगी ठरवते. कोणीही म्हणेल, चाचणी उत्तम आहे. सगळ्यांची तपासणी केली, तर दहा खरे रोगी सापडतील. आणि उरलेल्या ९९९० निरोगी लोकांतून सुमारे ५०० जण रोगी ठरतील. म्हणजे चाचणीने बोट दाखवलेल्या ५१० जणांपैकी ५०० जण निर्दोष! यासाठीच जाणते डॉक्टर एका प्राथमिक चाचणीवर निदान ठरवीत नाहीत. दुसरी, वेगळ्या प्रकारची चाचणी करून खात्री करून घेतात.

गावात मात्र पहिल्याच चाचणीचा कागद पसरतो. लग्न ठरलेल्या मुलामुलीच्या रक्ताचा अहवाल कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडतो, आणि दुसरी चाचणी होईपर्यंत सोयरीक मोडलेली असते. खोटी साक्ष दर वेळी वाईट हेतूनेच दिली जाते असे नाही. छेद न पाहताही ती दिली जाते. म्हणून आमच्या मते एवढे गणित परिचारिकांनीच नव्हे, तर आईबापांनीही शिकावे.

मग माणसे मोजावीत काय?

मोजावीत. आरोग्याच्या हिशेबात जमीनदाराचे मूल एक असते आणि कातकऱ्याचे मूलही एकच. बाजारात, कचेरीत आणि कधीकधी, दुर्दैवाने, आपल्या मंडळींतही माणसांची किंमत कमीजास्त होते. या कोष्टकात ती होत नाही. छावणीतला क्रमांक नाव पुसण्यासाठी होता. ज्याचे नाव कोणी विचारत नव्हते, तो आरोग्याच्या या गणतीत प्रथमच हिशेबात येतो. आपल्या दफनाच्या वहीतली एक ओळ नावही असते आणि आकडाही. त्या दोहोंत भांडण नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. सरासरी सुधारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रस्त्यालगतच्या, सहज पोचता येण्याजोग्या लोकांची सेवा करणे. दर खाली येतो, अहवाल चांगला होतो, आणि डोंगरावरचे शेवटचे घर तसेच राहते. नव्याण्णव मेंढरे सुखरूप आहेत, हा अहवाल कोणत्याही कचेरीत उत्तम ठरेल. किती हरवली हे गणित सांगते. शोधायला कोणी जावे, हे ते सांगत नाही. तेथून पुढचे काम विवेकाचे आणि प्रेमाचे आहे. परंतु तेथपर्यंत पोचण्यासाठी गणित लागतेच.

म्हणून आमच्या ज्या मुली आज सरासरी, दर आणि संभाव्यता यांच्या वह्या घेऊन बसल्या आहेत, त्यांनी हा विषय सेवेच्या आड येतो असे मानू नये. कोष्टकातली प्रत्येक खूण कोणाच्या तरी घरची आहे, एवढे ध्यानात ठेवून त्यांनी तो मन लावून शिकावा. आणि आपण घरच्यांनी आपल्या वाट्याची साक्ष खरी द्यावी. जन्म आणि मृत्यू एकवीस दिवसांच्या आत नोंदवावा, तासभर जगलेल्या बाळाचासुद्धा. मृत्यूचे खरे कारण सांगताना शरमू नये. आशाताई वा गणनेचा कर्मचारी दारात आला, तर त्याला उंबऱ्यातूनच वाटेला न लावता घरात बसवून विचारलेले नीट सांगावे. पाच-दहा मिनिटांचे हे काम आहे. पण डोंगरावरच्या त्या घरापर्यंत औषधाची पेटी पोचण्याची वाट तेथूनच जाते.